बिल्डरचं घर, आपलं घर

गेल्या महिन्यात फ्लॅटचा ताबा मिळाला. दार उघडून आत शिरलो आणि वाटलं, अरे, हे घर आपण आधी पाहिलंय. पाहिलंच होतं की! खालच्या मजल्यावर, वरच्या मजल्यावर, समोरच्या विंगमध्ये. तीच क्रीम रंगाची टाइल, तोच काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, तोच पांढरा डिस्टेंपर. इंटिरियर डिझायनर म्हणाला, "सर, घराला कॅरेक्टर नाहीये." आणि त्यानं कॅरेक्टरचं जे कोटेशन दिलं, त्यात एक बरी गाडी आली असती.

मग इंजिनिअर शनिवारी जे करतो तेच केलं. फर्निचर राहिलं बाजूला, प्रॉब्लेमचं मूळ शोधत बसलो. ते सापडलं न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, बटाट्याच्या शेतांत.

दुसरं महायुद्ध संपलं, लाखो सैनिक परतले, लग्नं झाली आणि राहायला घरं नव्हती. विल्यम लेव्हिट नावाच्या बिल्डरनं १९४७ साली या शेतांत घरं उभारायला घेतली. पद्धत कारखान्याची, फक्त उलटी. कारखान्यात गाडी पुढे सरकते आणि कामगार जागेवर असतो. इथे घर जागेवर आणि कामगारांच्या टोळ्या पुढे सरकायच्या. कामाचे २७ टप्पे पाडलेले. तळघर नाही, सरळ काँक्रीटचा स्लॅब. काम भरात असताना दिवसाला तीसेक घरं तयार व्हायची. १९५१ पर्यंत तब्बल १७,४४७ घरं झाली. त्या वसाहतीचं नाव लेव्हिटटाउन. घर साधारण ७५० चौरस फुटांचं, १९४९ साली किंमत ७,९९० डॉलर.

बड्या टीकाकारांनी नाकं मुरडली. सगळं एका साच्यातलं, इथली माणसंही एकसारखीच होणार म्हणे!

झालं उलटंच. लेव्हिटनं पहिल्या घरांत वरचा पोटमाळा अर्धवट सोडला होता. पैसे वाचवायला सोडला असेल, पण तीच मेख ठरली. मुलं झाली तसे लोकांनी स्वतः करवत-हातोडा घेऊन तिथे बेडरूम काढल्या. छताला खिडक्या फुटल्या, मागे खोल्या वाढल्या, गाडीसाठी शेड आली. शेजारी शेजाऱ्याचं बघून शिकला. लेव्हिटची घरं कशी वाढवावीत, सजवावीत हे सांगणारं 'थाउजंड लेन्स' नावाचं खास मासिकही १९५०च्या दशकात निघालं. आज तिथे मूळ रूपातलं घर शोधावं लागतं. थोडक्यात, घराला कॅरेक्टर आलं ते गरजेतून आणि वर्षानुवर्षांच्या ठोकाठोकीतून.

इथेच थांबलो असतो तर गोष्ट छान गोड झाली असती. पण पुढे वाचलं आणि चहा गार झाला.

लेव्हिटच्या करारात अटी होत्या. कुंपण घालायचं नाही, गवत वेळेवर कापायचं. आणि आणखी एक: गोऱ्यांखेरीज कुणी या घरात राहायचं नाही. नोकर म्हणून राहिलं तर चालेल! त्याच युद्धात लढून आलेल्या काळ्या सैनिकालाही इथे घर नव्हतं. अशा अटी कोर्टामार्फत अमलात आणता येणार नाहीत, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १९४८ साली सांगितलं. तरी लेव्हिटनं धोरण बदललं नाही. आजही लेव्हिटटाउनमध्ये काळ्यांची वस्ती अगदी थोडी आहे. पोटमाळ्याचं काय, दोन वर्षांत बदलता येतो. गावाचा पाया बदलायला पिढ्या जातात.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे उद्याची आमच्या सोसायटीची पहिली मीटिंग. विषय दोन. एक, सगळ्यांच्या ग्रिलचा रंग एकच हवा. दोन, भाडेकरू म्हणून 'कोण चालेल, कोण नाही' हे ठरवणं. व्हॉट्सअ‍ॅपवर काहींनी आडनावांपर्यंत मजल मारलीये. मी आत्तापर्यंत गप्प होतो. नवीन जागा, कशाला वाईटपणा घ्या!

डिझायनरला नाही म्हणून कळवलंय. हॉलच्या एका भिंतीला बाबा आणि मी मिळून गेरूचा रंग देणार आहोत, आईला देवासाठी कोनाडा हवाय तो सुतार करून देईल. बाकी घर हळूहळू ठरवेल.

ग्रिलचा रंग त्यांना हवा तो लावू देत. दुसऱ्या विषयाला मात्र हात वर करून बोलणार आहे. बघू काय होतंय ते.