अमर ऐयाराची झोळी

अद्भुत कथांविषयीं सुशिक्षित वाचकाच्या मनांत एक प्रकारची अढी असते, आणि ती आजकालची नव्हे. १८७२ सालीं काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं नावल व नाटक यांविषयीं निबंध लिहून तत्कालीन मराठी कादंबऱ्यांतील असंभाव्य प्रसंगांवर कडक टीका केली. इंग्रजी विद्येवर पोसलेल्या आम्हां मंडळींनीं तोच गज हातीं घेतला. प्रस्तुत लेखकानेंही कित्येक वर्षें वर्गांत त्याच गजानें मोजमाप केलें. परंतु एक शंका मनांतून कधींच गेली नाहीं. जादू आणि चमत्कार यांखेरीज ह्या कथांत कांहींच नसेल, तर लोक त्या पिढ्यान्‌पिढ्या ऐकत कां बसले?

ह्या शंकेचें उत्तर शोधावयाचें तर अमीर हमजाच्या दास्तानाइतकें सोयीचें उदाहरण दुसरें नाहीं. हमजा हे पैगंबरांचे चुलते; परंतु दास्तानांतील हमजा हा इतिहासांतला नसून कल्पनेंतला वीर होय. इराणांतून हिंदुस्थानांत आलेल्या ह्या कथेचा अकबरास इतका छंद होता कीं, त्यानें सुमारें १४०० चित्रांचा ‘हमजानामा’ तयार करविला, व त्या कामास पंधरा वर्षांच्या आसपास लागलीं. पुढें ती उर्दूंत रुळली, आणि लखनौच्या नवलकिशोर छापखान्यानें १८८३ पासून १९१७ पर्यंत तिचे ४६ प्रचंड खंड छापले. त्यांत सर्वांत गाजलेला भाग म्हणजे मुहम्मद हुसेन जाह व अहमद हुसेन कमर यांनीं लिहिलेला ‘तिलिस्म-इ-होशरुबा’.

एवढ्या विस्तारांत चमत्कारांना तोटा नाहीं. पण चमत्काराचा एक दोष असा कीं, पहिल्या वेळीं तो डोळे दिपवितो, दहाव्या वेळीं जांभई आणतो. एक मायानगरी भंगली म्हणजे दुसरी उभी राहते, एक जादूगार मेला म्हणजे दुसरा येतो. मग ऐकणाऱ्याच्या लक्षांत राहतें काय? राहतो तो अमर ऐयार.

हा हमजाचा बालमित्र. एका उंटवाल्याचा पोर. हमजाच्या जन्मदिवशीं जन्मणारीं मुलें भाग्यवान ठरतील हें भाकीत ऐकून बक्षिसाच्या लोभानें बापानें गरोदर बायकोस लाथ मारली; मूल अकालीं जन्मलें व आई मेली. अशा लोभापायीं जगांत आलेल्या त्या पोरानें, आपणांस कौतुकानें हातांत घेणाऱ्या वजिराच्या बोटांतील आंगठीच लांबविली! येथें कथाकारानें हंसवितां हंसवितां माणसाचें सारें पुढील चरित्र सांगून टाकिलें आहे. पुढें त्याला ‘जंबील’ नांवाची झोळी मिळते. तींत गांवेंच्या गांवें मावतात, अगणित द्रव्य सांठतें. तरी अमर आपला दारिद्र्याचें रडगाणें गातच असतो. झोळी सर्वस्वीं अशक्य; पण ती छातीशीं धरून ‘मी मेलों, बुडालों’ म्हणणारा मनुष्य आमच्यापैकीं कोणाच्या शेजारीं राहत नाहीं? शिवाय हाच कवडीचुंबक हमजावर संकट आलें म्हणजे जिवाची पर्वा न करितां शत्रूच्या गोटांत शिरतो. लोभ आणि निष्ठा एकाच काळजांत नांदतात हें आपण घरोघर पाहिलेलें असतें. म्हणून झोळीवर विश्वास नसला तरी झोळीवाल्यावर बसतो.

जादूगारांच्या गोटांतही हाच प्रकार. होशरुबाचा बादशहा अफरासियाब याच्या विरुद्ध त्याच्याच पक्षांतली महरुख बंड करते, तें नात महजबीन हिच्यासाठीं. त्याच्या राणीची सख्खी बहीण बहार शत्रूस मिळते. मंत्रतंत्रांच्या धुराआड चाललेलें हें युद्ध खरें म्हणजे एका घराची फाटाफूट आहे.

ह्यावर एक वजनदार आक्षेप आहे. दास्तानांचे थोर अभ्यासक शम्सुर्रहमान फारुकी यांचें म्हणणें असें कीं, दास्तान ही सांगण्याची कला. तिला कादंबरीच्या कसोट्या लावणें हाच अन्याय. हें आम्हांस मान्य आहे. अमराच्या मनाचें सूक्ष्म पृथक्करण कोठेंही नाहीं, आणि शेवटच्या खंडापर्यंत तो बदलतही नाहीं. परंतु विश्वसनीय असणें आणि बदलत जाणें ह्या दोन गोष्टी निराळ्या. अमुक प्रसंगीं अमर काय करील हें श्रोत्यांस ठाऊक असे. तो तें कोणत्या युक्तीनें करील एवढेंच ऐकावयाचें असे. स्वभावाचा हा खुंटा पक्का होता म्हणूनच ४६ खंडांचा दोर त्याभोंवतीं फिरूं शकला. शिवाय दास्तानगोच्या पुढ्यांत जिवंत श्रोते असत. खोटें पात्र छापील पानावर निभावून जाईल. समोरचा माणूस मात्र उठून जातो.

सुधारणेच्या वाऱ्यांत ही कला नाहींशी झाली. दिल्लीचे अखेरचे नामांकित दास्तानगो मीर बाकर अली १९२८ त वारले. छापील खंडही इतके दुर्मिळ झाले कीं, पुरा संच जमविण्यासाठीं फारुकींना वर्षानुवर्षें खपावें लागलें. २००५ सालीं महमूद फारुकी यांनीं ही कला पुन्हां रंगमंचावर आणली, तेव्हां अमर ऐयारास पुन्हां हंसे मिळाले. दरम्यान तिचें बीज मात्र अन्यत्र रुजलें होतें. देवकीनंदन खत्री यांच्या १८८८ च्या ‘चंद्रकांता’ कादंबरींत हेच ऐयार व तिलिस्म आले. आणि हिंदुस्थानांतील शेतकऱ्याचें दुःख ज्यांनीं हुबेहूब रंगविलें ते प्रेमचंद बालपणीं गोरखपुरास होशरुबाचे खंड वाचण्यांत गढून जात, हें त्यांनींच सांगून ठेविलें आहे.

आमच्या घरांतूनही कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं आरंभिलेल्या अरबी गोष्टी वाचून कित्येकांस वाचनाची गोडी लागली. मुलगा जादूच्या पुस्तकांत डोकें खुपसून बसला म्हणजे आपण आज चिंता करतों. त्याला पुस्तक मिटावयास सांगण्यापूर्वी एवढेंच विचारावें कीं, ‘त्यांत तुला कोण आवडतो, आणि कां?’ उत्तरांत जादूची कांडी न येतां एकाद्या माणसाचें नांव आलें, तर पोराचें वाचन वायां चाललें नाहीं असें खुशाल समजावें.