तळटीप : भूक मंदावलेल्या मुलासाठी पेज

१. ही पेज तांदूळ आणि शानयाओ हा कोनफळाच्या कुळातला कंद एकजीव होईतो शिजवून करतात. मूल जेवत नाही म्हणून त्याला आणखी भरवावे, हे चिनी बालवैद्यकाला मान्य नाही. सोंगकालीन वैद्य छियान यी यांच्या इ.स. १११९ मध्ये संकलित झालेल्या ग्रंथापासून भर आहे तो मुलांच्या नाजूक पचनावर. म्हणून आधी आंबट शानझा फळाने किंवा कोंबडीच्या पेषणीच्या वाळवून दळलेल्या अस्तराने साचलेले जिरवायचे, मग पोसायचे. या द्रव्यांना आधुनिक चाचण्यांचा आधार तोकडा आहे, हा आक्षेप रास्तच. पण हलके, मऊ अन्न, तेही बळजबरीविना, हा खरा गाभा त्यांच्यावाचूनही टिकतो. वजन घटत असेल तर मात्र पेजेवर विसंबू नये; रक्तक्षय आणि जंतांसाठी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.