डायपर-कचऱ्याचे ज्वलन

वापरून टाकलेले एकवेळचे डायपर भट्टीत जाळून नष्ट करण्याची पद्धत. डायपर ओला असल्यामुळे तो स्वतःच्या बळावर धड जळत नाही. भट्टी तापती ठेवायला डिझेल, गॅस किंवा वीज लागते. हा खर्च वाचवण्यासाठी गॅरेजमधले काळे ऑइल इंधन म्हणून वापरणे हा या पद्धतीचा एक प्रकार. गोंदियासारख्या जिल्ह्यात, जिथे एक मोठे शहर आणि बाकी छोटी तालुक्याची गावे आहेत, तिथे ही वाट स्वस्त म्हणून सहज सुचते. ती का धोक्याची आहे, हे डायपरच्या घडणीतूनच कळते.

डायपरचे बाहेरचे आवरण पॉलिएथिलीनचे आणि अंगालगतचा थर पॉलिप्रोपिलीनचा असतो. मध्ये लाकडाचा लगदा आणि सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे दाणे असतात. हे दाणे लघवी शोषून फुगतात आणि दाबले तरी ती सहजी सोडत नाहीत. 1980 च्या दशकात ते वापरात आले, तसा डायपर पातळ होत गेला. पुढे आपल्याकडेही लंगोट आणि जुन्या लुगड्यांची दुपटी मागे पडली. वापरलेल्या डायपरच्या वजनात बहुतांश पाणीच असते. एका किलोत 700 ग्रॅम पाणी धरले, तर त्याची नुसती वाफ करायला साधारण 1.8 मेगाज्यूल उष्णता खर्ची पडते. प्लास्टिक आणि लगदा जळून मिळणाऱ्या उष्णतेतून हा खर्च वजा केला, की हाती पाच-सहा मेगाज्यूल उरतात. बाहेरचे इंधन न घालता कचरा जळत राहायचा, तर किलोमागे सरासरी 7 मेगाज्यूल हवेत, असे जागतिक बँकेची मार्गदर्शिका सांगते.

काळ्या ऑइलच्या किलोत 40 मेगाज्यूलच्या आसपास उष्णता असते, त्यामुळे हिशेब कागदावर जुळतो. पण त्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेतले धातू, जस्ताची संयुगे, गंधक आणि क्लोरीनही उतरलेले असते. लघवीतल्या मिठाचे क्लोरीन त्यात मिळते. धूर 450 ते 200 अंश सेल्सिअसच्या टप्प्यातून सावकाश थंड झाला, तर त्यात डायॉक्सिन नावाची विषारी संयुगे तयार होतात. धातूंचे कण त्या क्रियेला हातभार लावतात. म्हणून 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दोन कप्प्यांची भट्टी, दुसऱ्या कप्प्यात किमान 950 अंश तापमान, तिथे वायूचा किमान 2 सेकंद मुक्काम आणि 30 मीटर उंच चिमणी सांगितली. त्यांत डायॉक्सिनची मर्यादा घनमीटरमागे 0.1 नॅनोग्रॅम होती. विटांची साधी भट्टी आणि वरून सोडलेली तेलाची धार यांतले काहीच पाळू शकत नाही, आणि तो धूर सर्वांत आधी भट्टीपाशी उभ्या असलेल्या सफाई कामगाराच्या छातीत जातो.

शिवाय हे ऑइल फुकटचे नाही. 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार ते अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवे; तिथे त्यापासून पुन्हा वंगणाचे मूळ तेल बनते. 1 एप्रिल 2024 पासून त्याच्या संकलनाची आणि पुनर्प्रक्रियेची जबाबदारी वंगण तेलाच्या उत्पादकांवरही आली आहे.

गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. आठ तालुक्यांचा हा जिल्हा धानाचा, भातगिरण्यांचा. गिरण्यांच्या बॉयलरांत धानाचे तूस जळतेच, मग त्यातच डायपर टाकावेत, असे कुणाला वाटेल. ते करू नये. तुसाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा राख होतो आणि ती राख जवळजवळ सगळी सिलिका असते. डायपरमधला सोडियम तिला भेटला, की कमी तापमानाला वितळणारे काचेसारखे किटण तयार होते. ते जाळीवर आणि नळ्यांवर चिकटून बॉयलर निकामी करते. पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिमेंट भट्ट्यांत तापमान पुरेसे असते, राखही क्लिंकरमध्ये मुरते. मात्र तिथवरचे अंतर दोनशे किलोमीटरहून जास्त आहे, आणि ओला डायपर इतका दूर नेणे म्हणजे ट्रक भरून पाणीच नेणे.

महाराष्ट्रात या प्रश्नाला वाचा फोडली ती कचरा वेचणाऱ्या बायांनी. पुण्याची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 ची. तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ संस्थेने वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम घराघरांत नेली, म्हणजे पुडके उघडून वेचणाऱ्यांचे हात घाण होणार नाहीत. वापरलेल्या पॅडची पुडकी थेट उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवण्याचे पाऊलही तिने उचलले. 2016 च्या घनकचरा नियमांनी उत्पादकांना प्रत्येक नगासोबत पिशवी द्यायला सांगितले. 1 एप्रिल 2026 पासून लागू असलेल्या नव्या घनकचरा नियमांनी सॅनिटरी कचऱ्याला ओल्या-सुक्यापासून वेगळा वर्गच दिला. घंटागाडीत त्यासाठी स्वतंत्र कप्पा असणे ही भट्टीच्या आधीची पायरी आहे, आणि कुठल्याही भट्टीपेक्षा स्वस्तही. भट्टी टाळून उघड्यावर कचरा जाळण्याला तर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये 5,000 रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये दंड ठरवला आहे.

जपानमधल्या तोत्तोरी प्रांतातील होकी गावात डायपर आधी बंद यंत्रात निर्जंतुक करून वाळवतात, मग त्यांच्या कांड्या बनवून गरम पाण्याच्या झऱ्यावरील स्नानगृहाच्या बॉयलरमध्ये जाळतात. गोंदियाला यातून घेण्याजोगा भाग वाळवण्याचा. त्यासाठी लागणारी ऊब तुसाची असू शकते, कारण तिथे तूस डायपरला स्पर्श न करता फक्त हवा तापवील. मात्र हे यंत्र बंदिस्त आणि स्वतंत्र हवे. धान वाळवणाऱ्या ड्रायरचा त्यासाठी वापर होता कामा नये, आणि भातगिरणीच्या आवारात ते उभारूही नये.