सरस, पांढरा गोंद आणि आमच्या घरचा तंबोरा

मंडळाच्या बैठकांत आजवर आपण देवळांवर बोललो, शिलालेखांवर बोललो, आगगाडीवर बोललो. आजचा विषय चिकट आहे, अगदी शब्दशः. लाकडाला लाकूड कशानं जोडायचं आणि जोडताना काय सांभाळायचं, याचा आपल्या भागातला थोडा इतिहास मांडतो. निमित्त घरचंच आहे आणि चूक माझीच आहे, म्हणून ती आधी सांगून टाकतो.

आमच्या आत्याचा तंबोरा मिरजेहून आलेला. ती गेल्यावर तो विद्यानगरातल्या आमच्या घरी आला. एका पावसाळ्यात त्याची तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी पाटी, कडेनं सुटली. नख जाईल एवढी फट. मी पडलो इंजिनिअर. दोन नळ्या मिसळून लावायचं एपॉक्सी आणलं, फट भरली, दोरीनं आवळून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दगडासारखं घट्ट! मला केवढा अभिमान वाटला.

पुढं काही वर्षांनी तबलीच्या आतून काहीतरी खरखरायला लागलं, म्हणून तंबोरा मिरजेला नेला. कारागिरानं कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "साहेब, हे कुणी केलं?" मी गप्प. तो म्हणाला, "सरसानं लावलेली तबली आम्ही गरम पाण्याच्या फडक्यानं शेकून सोडवतो, आत काम करतो, परत लावतो. ही सुटायची नाही. फोडावी लागेल." फोडलीच. आता नवी तबली आहे, तंबोरा वाजतोही. पण आत्याच्या हातातला नाद गेला तो गेलाच.

तेव्हापासून मी सरसाच्या मागे लागलो. सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं उकळून काढलेला गोंद. शब्द फारसीतून आलेला. जुन्या काळी आपल्याकडचे सुतार, ज्यांना इथं बडिगेर म्हणतात, तपकिरी वड्या किंवा खडे आणायचे आणि रात्रभर पाण्यात भिजत घालायचे. सकाळी एका भांड्यात पाणी, त्यात दुसरं भांडं, अशा रीतीनं तो पातळ करायचा. थेट आचेवर ठेवायचा नाही. साधारण ६० अंशांवर तो नीट काम देतो. उकळला की त्याची ताकद जाते आणि घरभर वास सुटतो तो वेगळाच. लावायलाही घाई. थंड झाला की थिजतो, म्हणून लाकूड आधी उन्हात जरा तापवून ठेवायचं आणि लावल्या लावल्या आवळायचं.

एवढा खटाटोप असूनही वाद्यं करणाऱ्यांनी सरस का धरून ठेवला? कारण तो सुटतो. ओलावा आणि ऊब मिळाली की जोड उघडतो, आणि जुन्या सरसावर नवा सरस बसतो. वाद्य हे पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्त होत राहणारं काम आहे. भोपळा मंगळवेढा-पंढरपूरकडचा, तारा वेगळीकडच्या, जवारी दर काही वर्षांनी नव्यानं काढायची. ज्याला पुन्हा उघडायचंय, त्याला कायमचं बंद करून चालत नाही. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या कसबात लाकूड आणि भोपळा निवडणं जितकं मोठं, तितकंच कशानं जोडायचं हे ठरवणंही.

मिरज आपल्याला दूर वाटते, पण तशी ती नाही. १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यातच होता, आणि मिरज-बेळगाव-हुबळी ही आगगाडीची वाट गवयांच्या रोजच्या वापरातली होती. अब्दुल करीम खाँ मिरजेला राहिले, १९३७ साली वारल्यावर त्यांची कबरही तिथंच झाली. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आपल्या कुंदगोळचे. त्यांच्याकडं शिकायला गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेनं जायच्या. गाणं जसं या वाटेनं आलं, तसे तंबोरेही आले.

सरस हा एकटाच जुना गोंद नव्हता. गदगच्या पुढं कोप्पळजवळ किन्नाळ गाव आहे. तिथले चित्रगार हलक्या लाकडाचे तुकडे चिंचोक्याच्या खळीनं जोडून देवांच्या मूर्ती आणि खेळणी करतात. आणखी मागं जायचं तर सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहितेत 'वज्रलेपा'च्या कृती दिल्या आहेत. एकीत झाडांची फळं, साली आणि राळ, तर दुसरीत चक्क जनावरांची शिंगं आणि कातडं. हा लेप देवळांसाठी आणि मूर्तींसाठी, म्हणजे कधीच सुटू नये म्हणून. माझी चूक इथं आहे बघा. देवळाचा लेप मी तंबोऱ्याला लावला.

आता आपल्या विद्यानगराकडं येऊ. भूमरड्डी इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ चं, वैद्यकीय कॉलेज १९५७ चं. त्यांच्या आसपास ही वस्ती वाढली, नोकरदारांची घरं झाली. नेमक्या त्याच सुमाराला, १९५९ साली, मुंबईत बलवंत पारेख यांनी फेव्हिकॉल आणलं. ज्या रसायनावर असे पांढरे गोंद उभे आहेत, ते १९१२ साली जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे यांनी शोधलं होतं. सुतारासाठी बदल मोठा होता. भिजवणं नाही, आच नाही, वास नाही, डबा उघडा आणि लावा. प्लायवूड आलं, त्यावर सनमायका आली. विद्यानगरातली कपाटं बहुतेक या पांढऱ्या गोंदाच्या काळातली, आणि त्यात वाईट काही नाही. कपाट उघडून परत कोण जोडतंय?

म्हणजे गोंद चांगला की वाईट, हा प्रश्न तसा अपुराच. मी आता तीन गोष्टी विचारतो. हा जोड पुन्हा उघडावा लागेल का? लागणार असेल तर सरस. पाणी लागेल का? लागणार असेल तर सरस नको आणि साधा पांढरा गोंदही नको, पाण्याला टिकणारा घ्या. सतत ताण राहील का? साधा पांढरा गोंद कायमच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. टेबलाला त्यानं फरक पडत नाही, तारा ओढून धरणाऱ्या वाद्याला पडतो.

जुनी वस्तू दुरुस्त करायची असेल तर आधी कडेला सुकलेल्या गोंदावर गरम पाण्याचा थेंब ठेवून बघा. सरस असेल तर थोड्या वेळात चिकट होतो. पांढरा गोंद दुधाळ होऊन मऊ पडतो. एपॉक्सीला काही होत नाही. हे मला आधी माहीत असतं तर!

जिवाची काळजी हाही या इतिहासाचाच भाग आहे. सरसाचा धोका म्हणजे फार तर हात पोळणं. नव्या गोंदांचे धोके डोळ्यांना दिसत नाहीत. सनमायकाच्या कडांना लावतात तो रबरी गोंद बऱ्याचदा टोल्युइनसारख्या द्रावकात असतो. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते, ठिणगीनं पेट घेते आणि डोकंही गरगरवते. काम चालू असताना खिडक्या उघड्या हव्यात, खोलीत स्टोव्ह, समई, उदबत्ती काही नको. एपॉक्सीचं हार्डनर कातडीला लागू देऊ नये, हातमोजे घालावेत. पुष्कळसं स्वस्त प्लायवूड युरिया-फॉर्माल्डिहाइडनं चिकटवलेलं असतं. नव्या कपाटाच्या वासानं डोळे चुरचुरतात ते त्यानंच. फॉर्माल्डिहाइडमुळं माणसाला कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ साली दिला. नवं कपाट आलं की काही दिवस दारं उघडी ठेवा, लहान मुलांच्या खोलीत तर नक्कीच.

मिरजेच्या कारागिराला मी शेवटी एक विनंती केली. नवी तबली बसवण्याआधी आतल्या बाजूला पेन्सिलनं तारीख आणि 'सरस' एवढा शब्द लिहून घेतला. पुढं कुणी तो तंबोरा उघडेल, त्याला विचारावं लागू नये.

सभासदांना एक विनंती. कुणाच्या घरी जुन्या सुताराचं सरसाचं दुहेरी भांडं, वड्या, एखादा ब्रश माळ्यावर पडला असेल तर भंगारात देऊ नका. मंडळात घेऊन या. फोटो काढून, कुणाचं, कुठलं ते लिहून ठेवू.