कोऱ्या चित्राचा अर्थ

पालघर-बोईसर भागात ‘अणुभट्टी’ म्हटले की १९६९ साली सुरू झालेले तारापूरचे अणुवीज केंद्र आठवते. या केंद्राचे काम विजेचे. वैद्यकातली किरणोत्सारी समस्थानिके मात्र ट्रॉम्बेच्या संशोधन भट्ट्यांतून येऊ लागली. तेथील ‘अप्सरा’ १९५६ मध्ये कार्यान्वित झाली, आणि १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. शस्त्रक्रियेनंतर कर्करोग पुन्हा उद्भवेल का, हा प्रश्न चित्राला विचारण्याची एक जुनी रीत आपल्याला अशाच केंद्रांत सापडते.

थायरॉइड ग्रंथी रक्तातले आयोडीन ओढून घेते. तिच्या कर्करोगाच्या बऱ्याच पेशीही हा गुण टिकवून असतात. आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी समस्थानिक लिव्हिंगूड आणि सीबोर्ग यांनी १९३८ मध्ये शोधले. ग्रंथी काढल्यावर त्याची अल्प मात्रा द्यायची आणि गॅमा किरण शरीरात कोठून येतात ते टिपायचे, अशी ही तपासणी. गळ्यातला ठिपका उरलेल्या निरोगी ऊतीचाही असू शकतो. फुप्फुसातला ठिपका बहुधा पसरलेल्या रोगाचा असतो.

मग चित्र कोरे आले म्हणजे धोका टळला का? नेहमीच नाही. काही पेशी बदलत जातात आणि आयोडीन घेणेच सोडतात. थायरोग्लोब्युलिन हे प्रथिन थायरॉइडच्याच पेशी तयार करतात. ग्रंथी काढल्यावरही ते रक्तात वाढत असेल, तर कोऱ्या चित्रामागे रोग लपलेला असू शकतो.

अशा वेळी पेट तपासणी उपयोगी पडते. भारतातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन परळच्या याच केंद्रात २००२ मध्ये आले. पेटसाठी फ्लोरिन-१८ जोडलेली शर्करा देतात. आयोडीन नाकारणाऱ्या पेशी पुष्कळदा शर्करा अधाशीपणे घेतात, आणि असा रोग सहसा अधिक आक्रमक असतो. म्हणून हे चित्र रोगाची जागा दाखवते, तसाच पुढचा अंदाजही देते.

अर्धायुष्य शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य ८ दिवस, म्हणून ते दूरवर पाठवता येते. फ्लोरिन-१८ चे ११० मिनिटे. बोईसरहून लोकलने दादर गाठायला साधारण दोन तास लागतात. तेवढ्यात ते निम्म्याहून कमी उरेल. मग विद्यार्थ्यांना विचारावे: सायक्लोट्रॉन कोठे उभारावे? आणि बोईसरच्या रुग्णाचे चित्र कोरे आले, तर डॉक्टरांनी आणखी काय तपासावे?