५,३०० वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्याचे ओझे

#थ्रेड

१/ १९ सप्टेंबर १९९१. ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सीमेवरील आल्प्स पर्वतात, ३,२१० मीटर उंचीवर, डोंगरयात्रेस निघालेल्या एका जर्मन दांपत्याला वितळत्या बर्फातून वर आलेले मानवी शरीर दिसले. अलीकडच्या काळात अपघाताने मेलेला कोणी गिर्यारोहक असावा, असाच प्रथम समज झाला.

२/ शरीराजवळची कुऱ्हाड पाहून इन्सब्रुकचे पुरातत्त्वज्ञ कोनराड स्पिंडलर यांनी त्याचे वय किमान ४,००० वर्षे ठरवले. कार्बन कालमापनाने ते सुमारे ५,३०० वर्षांवर गेले. म्हणजे गिझाचा पिरॅमिड उभा राहायचा होता आणि मोहेंजोदारोची भरभराट अद्याप दूर होती. ओत्झटाल खोऱ्यावरून या माणसाला ‘ओत्झी’ हे नाव मिळाले.

३/ ओत्झीविषयी बहुधा त्याच्या मृत्यूची चर्चा होते. आज आपण त्याच्या सामानाकडे पाहू. वय सुमारे ४५, उंची जेमतेम १६० सेंटीमीटर, वजन ५० किलोच्या आसपास. असा माणूस तीन हजार मीटरवर चढतो, तेव्हा काय सोबत न्यायचे आणि काय मागे ठेवायचे, हा त्याच्यापुढचा जीवनमरणाचा प्रश्न असतो.

४/ प्रथम ओझ्याची चौकट. हेझल झाडाची सुमारे दोन मीटर लांबीची काठी वाकवून कमान केलेली आणि तिला जोडायच्या लार्च लाकडाच्या दोन अरुंद फळ्या. बहुतेक अभ्यासक हिला पाठीवर सामान वाहण्याची चौकट मानतात. आजच्या गिर्यारोहकाच्या पिशवीमागे धातूचा सांगाडा असतो. कल्पना तीच, सामग्री रानातली.

५/ भांडी मातीची नव्हती. मडके जड, शिवाय फुटणारे. ओत्झीजवळ भूर्जाच्या सालीचे दोन डबे होते. ज्या भूर्जावर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याच कुळातले हे झाड. एका डब्यात मेपलच्या पानांत गुंडाळलेले कोळशाचे तुकडे सापडले. विस्तव पानांत जपून न्यायचा, म्हणजे प्रत्येक मुक्कामी नव्याने अग्नी पेटवण्याचे कष्ट वाचतात.

६/ विस्तव विझलाच तर? कमरेच्या चामडी पिशवीत ठिणगी धरणारी वाळलेली अळंबी होती आणि तिच्यावर पायराइट खनिजाचे कण होते. त्याच लहानशा पिशवीत चकमकीच्या दगडाची तासणी, टोचणी व पाते आणि हाडाची आरी. संपूर्ण कारखाना कमरेला बांधलेला!

७/ कुऱ्हाडीचे पाते जवळजवळ शुद्ध तांब्याचे, लांबी केवळ ९.५ सेंटीमीटर. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार त्यातील धातू शेकडो किलोमीटर दक्षिणेकडील टस्कनीचा होता. खंजीर मात्र दगडी. मूठ धरून सुमारे १३ सेंटीमीटर आणि म्यान झाडाच्या वाकाचे. तांबे आणि दगड एकाच माणसाच्या अंगावर: ताम्रपाषाणयुग म्हणतात ते हेच.

८/ वस्त्रांतही तोच विचार. मेंढी-बकरीच्या कातड्यांचा अंगरखा, बकरीच्या कातड्याच्या तंगड्या, अस्वलाच्या कातड्याची टोपी. पादत्राणांत वाळले गवत भरलेले. गवतात हवा अडते, ऊब टिकते. ओले झाले की फेकून द्यावे आणि नवे भरावे.

९/ आणि अन्न? जठरात आयबेक्स या डोंगरी रानबोकडाचे व तांबड्या हरणाचे मांस, एइनकॉर्न हा प्राचीन गहू आणि भरपूर चरबी आढळली. एक ग्रॅम चरबीतून सुमारे ९ कॅलरी मिळतात, धान्याच्या पिष्टातून सुमारे ४. पोषणशास्त्र जन्मण्याच्या कितीतरी आधी डोंगरातल्या माणसाने अनुभवाने हे जाणले होते.

१०/ आता भात्याकडे वळू. त्यात १४ बाण होते, पण पूर्ण झालेले दोनच आणि तेही मोडलेले. उरलेल्या १२ नुसत्या काड्या. यू लाकडाचे १.८२ मीटरचे धनुष्य अर्धवट तासलेले. दोरी अडकवायची खाचही नव्हती. सोबत स्नायुतंतूंची दोरी, शिंगाचे तुकडे आणि दगडाला धार काढायचे हत्यार होते.

११/ तयार शस्त्रांचा साठा वाहण्याऐवजी कच्चा माल आणि तो घडवण्याचे कसब घेऊन चालायचे, ही पद्धत यात दिसते. कसबाला वजन नसते. मात्र त्याला वेळ लागतो.

१२/ तो वेळ ओत्झीला मिळाला नाही. मृत्यूपूर्वी काही दिवस त्याच्या उजव्या हाताला खोल जखम झाली होती. पोटातील परागकणांवरून अखेरच्या दिवसांत तो खाली उतरून पुन्हा वर आल्याचे दिसते. खंजिराचे टोक तुटलेले. २०१८ च्या अभ्यासानुसार दगडी हत्यारे वारंवार धार काढून झिजत आलेली. २००१ मध्ये क्ष-किरणांनी त्याच्या डाव्या खांद्यात रुतलेले बाणाचे अग्र दाखवले. कोणीतरी मागून बाण मारला होता.

१३/ धनुष्य पूर्ण असते तर तो वाचला असता, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पाठीमागून येणारा बाण कोणाला दिसतो? पण हलक्या ओझ्याची किंमत येथे कळते: जे आपण वाहत नाही, ते वाटेत घडवण्याइतकी शांतता मिळेल, यावर विश्वास ठेवावा लागतो.

१४/ शेवटचा मुद्दा इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी. हेच शरीर साध्या मातीत पडले असते, तर काय उरले असते? तांब्याचे पाते, काही दगड, कदाचित थोडी हाडे. चौकट, डबे, भाता, टोपी, गवत: सारे नाहीसे झाले असते.

१५/ आपल्याकडे तेच घडले. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन घरे, रंगीत मडकी, मणी, दगडी पाती, तांब्याच्या वस्तू मिळाल्या. पण तेथील शेतकऱ्याची झोळी, त्याचा दोर, त्याचे पांघरूण कुठे आहे? दख्खनच्या उन्हापावसात टिकेल अशी ती सामग्रीच नव्हती.

१६/ इतिहासात जड वस्तू उरतात आणि हलक्या हरवतात. म्हणून त्या युगाला आपण दगड-तांब्याचे नाव दिले. ओत्झीच्या पाठीवर मात्र साल, कातडे, गवत आणि लाकूडच अधिक होते. संग्रहालयात पुढच्या वेळी एखादे दगडी पाते पाहाल, तेव्हा त्याची नाहीशी झालेली मूठही डोळ्यांसमोर आणा.

(समाप्त)