बॉम्बे रक्तगट : मुंबईच्या रुग्णशय्येपासून सातारा-सांगलीच्या घरांपर्यंत

१/ बॉम्बे रक्तगटाला शहराचे नाव मिळाले. ज्यांच्या रक्तामुळे तो उमगला, ते मात्र निनावीच राहिले. १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या मुळाशी मुंबईतील दोन जखमी होते : एक रेल्वे अपघातातील, दुसरा भोसकला गेलेला.

२/ दोघांनाही रक्त हवे होते. तपासणीत गट ‘ओ’ वाटे, पण ओ गटाचे रक्त मिसळताच गुठळ्या होत. १६०हून अधिक दात्यांचे रक्त पडताळल्यावर जुळणारा एकच दाता सापडला. निबंधाच्या सहलेखकांत लंडनचे रेस, सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स हेही होते.

३/ असे का घडले? तांबड्या पेशींवरील ए आणि बी ही द्रव्ये ‘एच’ नावाच्या पायावर उभी राहतात. ओ गटात निदान तो पाया असतो. या व्यक्तींत तोही नसतो. त्यामुळे त्यांचे शरीर ओ रक्तालाही परके मानते. त्यांना केवळ स्वतःच्याच गटाचे रक्त चालते.

४/ १९५७ साली मुंबईत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे रक्तगट संदर्भ केंद्र उभे राहिले. १९७४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुंबईतील प्रमाण सुमारे ७,६०० लोकांत एक असे आढळले. युरोपात ते दहा लाखांत एकाच्या आसपास मानले जाते.

५/ पुढील नोंदींत रत्नागिरी, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातील कुटुंबे दिसू लागली. हा गुण आई आणि वडील या दोघांकडून आला तरच प्रकट होतो, आणि नात्यातील विवाहांत तशी शक्यता वाढते. दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल जुनी आहे.

६/ म्हणूनच एका रुग्णाचा नमुना पुरत नाही. आईवडील वाहक असतील, तर प्रत्येक सख्ख्या भावंडात हा गट असण्याची शक्यता चारांत एक असते. पण रुग्णाची निकड भावंडाला नसते. धडधाकट माणसाने हात का पुढे करावा? घराण्याला बट्टा लागेल, मुलीचे लग्न अडेल, ही भीती खोटी म्हणून झटकता येत नाही. वस्तुतः हा आजार नव्हे. असा माणूस एरवी निरोगी आयुष्य जगतो.

७/ ही भीती ऐकून घेण्याची रीत वैद्यकशास्त्राला सावकाश लागली. १९४७च्या न्यूरेंबर्ग संहितेने स्वेच्छेची संमती अनिवार्य ठरवली, १९६४मध्ये हेलसिंकी घोषणापत्र आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० साली धोरण जाहीर केले. २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत जैविक नमुने व त्यांच्या साठवणुकीचा स्वतंत्र विचार आहे. नमुना कशासाठी, किती काळ, कोणाच्या हाती, हे देणाऱ्याला कळले पाहिजे आणि दिलेली संमती मागे घेण्याची मुभाही असली पाहिजे.

८/ येथे देणारा आणि घेणारा वेगळे उरत नाहीत. आज नमुना देणारी बहीण उद्या अनोळखी रुग्णाची दाती ठरू शकते. परवा तिलाच रक्त लागले, तर तिची भिस्त अशाच कुणाच्या होकारावर असेल. १९५२ साली जुळणारा दाता सापडला तो शेकड्याहून अधिक लोकांनी आपले रक्त पडताळू दिले म्हणून. त्यांचीही नावे कुणी लिहून ठेवलेली नाहीत.